राज्यसंस्था कोणासाठी? मुळशी खोऱ्याच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट ओलांडले की कासार आंबोली हे गाव लागते. गावाच्या नावाशीच आपल्या व्यवसायाचे नाव जोडलेले असल्यामुळे ज्ञातिबांधवांना या गावाविषयी विशेष आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु प्रस्तुत लेखात गावाच्या नावाची व्युत्पत्ती शोधण्याचा हेतू नाही. या गावच्या शिवेवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे मुळा नदीचे खोरे दिसते, आणि त्या खोऱ्याने गेल्या दोन सहस्र वर्षांत जितक्या प्रकारची राज्ये पाहिली, तितकी पाहण्याचा योग फार थोड्या मुलखांना आला असेल. सातवाहनांचे अमात्य, राष्ट्रकूटांचे अधिकारी, सुलतानांचे सुभेदार, मावळचे देशमुख, शिवछत्रपतींचे कारकून, पेशव्यांचे मामलेदार, इंग्रजांचे कलेक्टर आणि शेवटी आपण स्वतः मत देऊन निवडलेले सरपंच, असे सर्व सत्ताधारी या खोऱ्याने पाहिले. राज्य म्हणजे काय, ते का उत्पन्न झाले आणि ते कोणासाठी असते, हा प्रश्न ग्रंथांतून जसा सोडविता येतो, तसाच तो या एका खोऱ्याच्या अनुभवावरूनही तपासून पाहता येतो. तसा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

राज्य का उत्पन्न झाले?

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता, असा एक गैरसमज आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला जो राजधर्म सांगितला, त्यात राज्याच्या उत्पत्तीची कथा आली आहे. आरंभी राजा नव्हता. बलवान दुर्बलांना गिळू लागले. मोठा मासा लहान माशाला खातो तशी ही स्थिती असल्यामुळे तिला ‘मत्स्यन्याय’ असे नाव पडले. तेव्हा लोकांनी प्रथम आपापसांत करार केले. पण ते पाळवून घेणारा कोणी नसल्यामुळे ते टिकले नाहीत. म्हणून ते ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्याने मनूला राजा होण्यास सांगितले. मनू प्रथम नाकारतो. माणसांवर राज्य करणे हे पापाचे व जिकिरीचे काम आहे, असे त्याला वाटते. मग लोक त्याला पशू व सोने यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देण्याचे कबूल करतात, तेव्हा तो राज्य स्वीकारतो.

या कथेतील दोन गोष्टी सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, कर हा राजाचा जन्मसिद्ध हक्क म्हणून येथे सांगितलेला नाही. तो संरक्षणाच्या कामाचे वेतन म्हणून ठरला आहे. दुसरी ही की, लोकांचे आपापसांतले करार राजापूर्वीचे आहेत. राज्याने समाज निर्माण केला नाही. आधीच असलेल्या समाजाला जे एकट्याने साधेना, ते साधण्यासाठी राज्य आले. बौद्धांच्या दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात याच आशयाची कथा ‘महासम्मत’ या पहिल्या राजाविषयी सांगितली आहे. शेताच्या हद्दी पडल्या, चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा लोकांनी आपल्यातीलच एकाला निवडले आणि भाताचा वाटा देण्याचे ठरविले. सर्वांना संमत म्हणून तो महासम्मत. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात हीच कथा हेरांच्या तोंडी घालून धान्याचा सहावा आणि व्यापारी मालाचा दहावा भाग असे प्रमाण दिले आहे. त्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. राजा हे सातांपैकी केवळ एक अंग आहे, आणि जनपद म्हणजे मुलूख व त्यातील माणसे हेही तितकेच आवश्यक अंग आहे, हे या गणनेवरून उघड होते.

युरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत हाच विचार वेगळ्या रीतीने मांडला गेला. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स याने १६५१ साली ‘लेव्हायथन’ ग्रंथात म्हटले की, राज्य नसेल तर प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध चालू राहील. यास्तव लोकांनी आपली सर्व सत्ता एका सार्वभौमाच्या हाती सोपविली पाहिजे. लॉक याने त्यावर मर्यादा घातली. माणसाचे जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांचे रक्षण करणे एवढ्यासाठीच सरकार असते, आणि ते काम मोडले तर लोकांचा विश्वास परत घेता येतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’ या ग्रंथात सार्वभौम सत्ता लोकांचीच असते, असे प्रतिपादिले. शांतिपर्वातही, रक्षण न करणाऱ्या राजाला फुटक्या नावेप्रमाणे सोडून द्यावे, असा उपदेश आहे. काळ व देश वेगळे असूनही विचार किती जवळ येतात, हे पाहून विस्मय वाटतो.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. असा करार कोणत्या दिवशी, कोणत्या गावी झाला, याचा लेखी पुरावा कोठेही नाही. प्रत्यक्षात बहुतेक राज्ये तलवारीने मिळाली आणि कराराची भाषा मागाहून आली. मग या कथांचा उपयोग काय? उपयोग असा की, त्या राज्याचा जन्म सांगत नसल्या तरी राज्याची कसोटी सांगतात. सोन्याची पारख करणारा ते कोणत्या खाणीतून आले हे विचारीत नाही, ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. आपणही मावळातील राज्ये रक्षण, योग्य वाटा आणि संमती या तीन कसांवर घासून पाहू.

मावळातील पहिले राज्य

मावळ हे नाव दोन हजार वर्षांचे जुने आहे. लोणावळ्याजवळील कार्ले येथील लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत ‘मामाल’ या आहाराचा, म्हणजे जिल्ह्याचा, उल्लेख येतो. हाच आजचा मावळ. तेथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी एक गाव देण्यात आले, आणि त्याविषयीची आज्ञा मामालच्या अमात्याला उद्देशून आहे. म्हणजे त्या काळीही वरून आज्ञा करणारा राजा, ती अंमलात आणणारा स्थानिक अमात्य आणि जिच्यावर ती लागू होई ती गावची भूमी, अशी राज्ययंत्रणा येथे उभी होती.

या काळच्या दानलेखांत एक मोठी अर्थपूर्ण गोष्ट आढळते. दान दिलेल्या गावात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, तेथे कोणी मिठासाठी खणू नये, अधिकाऱ्यांनी तेथे ढवळाढवळ करू नये, अशा सवलती दिलेल्या असतात. सवलतीवरून नियम ओळखावा. ज्या गावांना ही माफी नव्हती, तेथे राजपुरुष शिरत असत, खणीत असत आणि ढवळाढवळ करीत असत. राज्य रक्षण करते तसेच ते दारातही येते, हे मावळच्या शेतकऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

पुढे राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ व ७६८ या सालांच्या ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा ‘पुण्यविषय’, ‘पूनकविषय’ असा उल्लेख येतो. ‘विषय’ म्हणजे त्या काळचा जिल्हा. ज्ञातिबांधवांना येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. राजाचा शब्द टिकावा म्हणून तो तांब्यावर कोरला जाई. कागद व भूर्जपत्र कुजते, राजवंश जातात, पण तांब्याचा पत्रा शेतात गाडला गेला तरी हजार वर्षांनी नांगराच्या फाळाला लागून वर येतो. राज्याची सत्ता आणि धातुकामाचे कसब यांचा संबंध असा जुना आहे. नाणी, मापे व तोफा या तिन्हींना धातू ओळखणारा हात लागतोच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर जी तांब्याची ‘शिवराई’ चालली, ती रयतेच्या हातात रोज फिरणारी राज्याची खूण होती. नाणे खरे असावे, माप पुरे असावे आणि राजाचा शब्द मागे फिरू नये, या तीन गोष्टींत राज्यावरचा सामान्य माणसाचा सारा विश्वास सामावलेला असतो.

गाव, गोत आणि वतन

राज्ये बदलली तरी गाव राहिले. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात राज्याची सर्व सामग्री खेडेगावात लहान प्रमाणात आढळते, असे निरीक्षण नोंदले आहे. पाटील गावचा मुख्य, कुलकर्णी लेखनिक, चौगुला पाटलाचा मदतनीस, महार शिवेचा साक्षीदार व राखणदार, आणि सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादी बलुतेदार. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि प्रत्येकाचा पिकातला वाटा ठरलेला. अनेक गावांवर देशमुख व देशपांडे. मावळात प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. मोसे खोऱ्यात पासलकर, रोहिड खोऱ्यात जेधे, अशी घराणी होती.

तंटा पडला म्हणजे गोतसभा भरे. देशमुख, पाटील, बलुतेदार, शेजारच्या गावचे मातबर एकत्र बसून साक्षी घेत, दिव्य करवीत आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत. शेतकऱ्याची निशाणी नांगर, सुताराची वाकस. ज्याच्या त्याच्या हत्याराची आकृती. राजाच्या मुद्रेशेजारी कष्टकऱ्याचे हत्यार कागदावर उमटावे, ही महाराष्ट्राच्या राज्यव्यवस्थेतील एक विलक्षण गोष्ट होय.

तथापि केवळ गौरव करून भागणार नाही. या गोतसभेत स्त्रियांना आवाज नव्हता. ज्या महाराने शिवेचा दगड जन्मभर राखला, त्याला सभेच्या कडेला बसावे लागे. वतनदार आपले वतन वडिलोपार्जित मानत असल्यामुळे त्याच्याकडून हिशेब घेणे वरच्या सत्तेलाही जड जाई. गावचे राज्य लहान होते म्हणून ते न्यायाचे होते, असे म्हणता येणार नाही. महार वतनाच्या नावाखाली होणाऱ्या सक्तीच्या राबणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडावे लागले, हे विसरून चालणार नाही. रक्षणाच्या कसाला ही व्यवस्था पुष्कळ अंशी उतरली. पण योग्य वाटा आणि संमती या कसांवर तिचे पितळ उघडे पडते.

स्वराज्याने काय बदलले?

या पार्श्वभूमीवर शिवछत्रपतींच्या राज्याचे मर्म कळते. १६४६ च्या जानेवारीतील एका पत्रावरून असे दिसते की, रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा देण्यात आली आणि त्याची पाटिलकी अमानत केली गेली. पुढे त्याच्याच कुळातील एकाने त्याला सांभाळण्याची तयारी दाखविल्यावर पाटिलकी त्याच्याकडे सोपविण्यात आली. आजच्या दृष्टीने शिक्षा क्रूर खरी. परंतु तिच्यातील राजकीय अर्थ मोठा आहे. वतन ही खाजगी मिरास नसून ती रयतेच्या रक्षणाची जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर वतनदारालाही वरची सत्ता जाब विचारते, हे मावळाने तेव्हा पाहिले. त्या वेळी महाराजांचे वय विशीच्या आतच होते.

चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार व हवालदारांना लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. शिपायांनी दाणावैरण विकत घ्यावी, रयतेच्या काडीलाही हात लावू नये. तुम्ही तसे केले तर मोगलांच्या येण्याने जे झाले असते त्याहून अधिक त्रास तुमचाच झाला, असे रयतेस वाटेल, हा त्याचा आशय आहे. आपल्या सैन्यालाही रयतेच्या दृष्टीने पाहावयास लावणारा हा विचार आहे. सत्ताधारी आपला की परका, याचा निर्णय त्याच्या वंशावरून करू नये, त्याच्या वर्तनावरून करावा, हे त्यात गर्भित आहे.

मात्र वाटा किती होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सभासद बखरीप्रमाणे पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला व दोन सरकारला, असा दर होता. शास्त्रातील षष्ठांशापेक्षा हा पुष्कळ अधिक आहे. पण तो ठरलेला होता, आणि मधल्या वतनदाराच्या मनमानी वसुलीला आळा घालण्याचा त्यात प्रयत्न होता. ठरलेला भार जड असला तरी माणूस त्याचा हिशेब करू शकतो. न ठरलेला भार मात्र त्याला हताश करतो.

संमतीच्या कसाविषयी सर्वांत महत्त्वाचा दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त मिळतो. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, हे सांगितले आहे. आंबा, फणस यांसारखी झाडेही गलबतांना उपयोगी पडतात. तथापि त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहणार नाही, असा त्यातील भाव आहे. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी करू नये.

राज्याची गरज, रयतेची मालकी, मोबदला आणि मालकाची राजीखुशी, असे चारही मुद्दे येथे एकत्र आलेले आहेत. आरमार म्हणजे काही चैनीची वस्तू नव्हती. सिद्दी व फिरंगी यांच्याशी झुंजणाऱ्या राज्याचा तो प्राण होता. तरीही त्या प्रयोजनासाठी झाडाच्या मालकाला विचारावे, असे हा ग्रंथ सांगतो. हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे दोनशे वर्षांनी याच मुलखात झाडाऐवजी सारे खोरेच मागितले गेले.

१८९४ चा कायदा आणि मुळशीचा लढा

१८१८ साली इंग्रजी राज्य आले. लूटमार थांबली, जमिनीची मोजणी झाली, लेखी कायदा व न्यायालये आली. हे त्या राज्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण सत्तेचा उगम साता समुद्रापलीकडे गेला. १८९४ साली झालेल्या भूमिसंपादनाच्या कायद्यान्वये सार्वजनिक प्रयोजनासाठी, तसेच ठरावीक रीतीने कंपन्यांसाठीही, खाजगी जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. बाजारभाव आणि त्यावर सक्तीबद्दल शेकडा पंधरा अधिक, असा मोबदला ठरला. आज्ञापत्रातील चार मुद्द्यांपैकी राज्याची गरज राहिली, मालकी कागदावर राहिली, मोलही राहिले; धन्याची राजीखुशी तेवढी गळून पडली. प्रयोजन सार्वजनिक आहे की नाही, हे सरकारनेच जाहीर करावयाचे आणि तो जाहीरनामा हाच निर्णायक पुरावा मानावयाचा, अशी त्यात योजना होती.

टाटांच्या वीज कंपनीने मुळा व नीला या नद्यांच्या संगमावर मुळशी येथे धरण बांधण्याचे योजिले. पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिरा येथे सोडून तेथे वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ती योजना होती. त्यासाठी मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावे आणि हजारो माणसे यांवर संकट आले. आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेली ही भाताची खाचरे पिढ्यान्पिढ्यांच्या घामाने तयार झाली होती. बांध घालावा, माती अडवावी, पुन्हा वाहून गेली तर पुन्हा भरावी, अशा शेकडो पावसाळ्यांच्या कष्टाने डोंगरउताराचे खाचर होते. आज्ञापत्रातील आंब्याफणसाला जे लागू, ते या खाचरांना शतपटीने लागू होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदींनी या सत्याग्रहाची धुरा वाहिली; न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांसारख्या पुण्याच्या पुढाऱ्यांनीही त्यात भाग घेतला. याच लढ्यामुळे बापटांना ‘सेनापती’ हे नाव पडले. काही काळ काम थांबले, पण १९२१ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. सरकारने जमिनी ताब्यात घेतल्या, आणि लढा क्षीण होत गेला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मुळशीच्या कामावरील आगगाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले आणि खोरे पाण्याखाली गेले.

या लढ्याच्या अपयशाची कारणे केवळ सरकारच्या बळात शोधू नयेत. खोऱ्यातील पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क वा बोजा होता. सावकाराला नुकसानभरपाईची रोकड पुरे, कुळाला जमीन हवी. दोघांचे हित एक नव्हते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ज्याची जान जमिनीत होती त्याचीच होती. राज्य आणि लोक असा सरळ सामना इतिहासात क्वचितच असतो. लोकांतही धनको व ऋणको असतात, आणि राज्य बहुधा बोलू शकणाऱ्याचे प्रथम ऐकते.

शिवाय दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत जे हजारो कामगार राबत होते, ते याच घाटावरून व कोकणातून पोटासाठी गेलेले होते. विजेने धूर कमी झाला, उद्योग वाढले, हेही खरे. म्हणजे धरण नकोच होते, असा सरसकट निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण पुरते न्याय्य नाही. खरा प्रश्न वेगळा होता. दूरच्या अनेकांच्या सोयीसाठी जवळच्या थोड्यांचे सर्वस्व घ्यावयाचे असेल, तर त्या थोड्यांना विचारावयाचे की नाही? त्यांना केवळ पैसे द्यावयाचे, की नवी भूमी, नवे घर आणि होणाऱ्या लाभात वाटा द्यावयाचा? बुडणाऱ्या खोऱ्यातील माणसाला हा प्रश्न विचारण्याची जागाच त्या राज्यव्यवस्थेत नव्हती. त्याला मत नव्हते, म्हणून त्याने आपला देह धरणाच्या पायावर नेऊन ठेवला.

स्वतंत्र देशातील राज्य

१९४७ नंतर सत्तेचा उगम पुन्हा आपल्या घरी आला. वतने एकामागून एक खालसा झाली; परगणे व कुलकर्णी वतनांविषयीचा कायदा १९५० साली झाला, आणि १ जानेवारी १९६३ पासून महसुली पाटलांचा वंशपरंपरागत अधिकार संपला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने व १९६२ मधील जिल्हा परिषदांच्या स्थापनेने गावच्या कारभाराला निवडणुकीचा पाया मिळाला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली, ग्रामसभेला घटनेतच स्थान दिले. महाराष्ट्रात २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. ज्या गोतसभेच्या कडेलाही स्त्रीला जागा नव्हती, तिच्या वारस सभेच्या अध्यक्षस्थानी आज स्त्री बसते. हे परिवर्तन लहान नव्हे.

१८९४ चा कायदा मात्र स्वतंत्र भारतातही एकशेवीस वर्षांच्या वयापर्यंत जगला. २०१३ साली झालेल्या व १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तो रद्द झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असेल तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ऐंशींची, आणि सरकार व खाजगी यांच्या भागीदारीतील प्रकल्पासाठी शेकडा सत्तरांची संमती आवश्यक ठरली; पुनर्वसन हा हक्क झाला. आज्ञापत्रातील ‘धन्यास राजी करावे’ हे तत्त्व तीनशे वर्षांनी आकड्यांच्या भाषेत परत आले. त्याला अपवाद व पळवाटा पुष्कळ आहेत, आणि संमती मिळविण्याच्या नावाखाली दडपणही येऊ शकते. तरी राज्याने तत्त्व म्हणून ते मान्य केले, यात मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचाही वाटा आहे.

कासार आंबोली व पिरंगुटच्या आसपास आज कारखाने, वसाहती व रुंद रस्ते झाले आहेत. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत हा मुलूख येतो. जमीन आता बहुधा सक्तीने जात नाही, विकली जाते. पण रस्ता कोठून जावा, पाणी कोणाला मिळावे, टेकडी फोडावी की राखावी, हे निर्णय राज्यच घेते. म्हणून ग्रामसभेला न जाणारा मनुष्य, आपण राज्याच्या बाहेर राहिलो असे समजत असला तरी, केवळ आपली संमती न विचारता देऊन बसलेला असतो.

ज्ञातिसंस्थेचे स्थान

शेवटी आपल्या घराकडे वळू. राज्याप्रमाणेच ज्ञातीलाही पूर्वी पंचायत होती, दंड होता आणि बहिष्काराचे शस्त्र होते. १८२७ च्या मुंबई सरकारच्या रेग्युलेशनने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये, असे ठरविले. त्यामुळे ही पंचायत राज्यातले लहान राज्यच बनली. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कार बंद करणारा कायदा केला. धर्मपंथाच्या हक्काच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करून तो गुन्हा ठरविला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

काहींना वाटते की, यामुळे ज्ञातीचा अधिकार गेला. माझ्या मते त्यामुळे ज्ञातीचे खरे काम मोकळे झाले. दंड करणे हे राज्याचे काम आहे, कारण त्याच्या दंडाविरुद्ध दाद मागता येते. पंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध दाद कोठे मागावयाची? ज्या सत्तेला जाब विचारता येत नाही, ती सत्ता दिल्लीची असो, पुण्याची असो की आपल्याच आळीची असो, मत्स्यन्यायच करते. याउलट विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देणे, वसतिगृह चालविणे, विधवा व वृद्ध यांना आधार देणे, कारागिराला नवे तंत्र शिकविणे, ही कामे स्वेच्छेच्या संस्थेने करावीत. नोंदणी, जाहीर हिशेब, वार्षिक सभा आणि निवडणूक यांनी बांधलेली ज्ञातिसंस्था ही सभासदांना राज्यकारभार शिकविणारी शाळाच होय. जो सभासद येथे हिशेब विचारण्यास शिकतो, तो ग्रामसभेतही हिशेब विचारील. आणि जो येथे मान खाली घालून बसतो, तो तेथेही तसाच बसेल.

मुळा खोऱ्याच्या या दीर्घ इतिहासातून जे निष्पन्न होते, ते थोडक्यात असे. राज्य बळाने जन्माला येते, रक्षणाने टिकते, न्याय्य वाट्याने मान्य होते आणि संमतीने आपले होते. यांपैकी शेवटची पायरी कोणताही राजा वा कायदा लोकांना आयती देऊ शकत नाही. ती ज्याची त्याने सभेला जाऊन, प्रश्न विचारून आणि वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणून चढावी लागते. तांब्याचे भांडे चांगल्या धातूचे असले तरी नित्य घासले नाही तर त्यावर कळकट चढतेच, हे कासाराच्या घरात कोणाला सांगावयास नको. राज्याचेही तसेच आहे. त्याला उजळा देत राहणे हे नागरिकाचे रोजचे काम आहे.